वाहतूक सुरक्षेचं सॉफ्टवेअर : कल्पना चांगली, पण धंदा होईल का?



उद्योजकता शिकताना ‘व्यवसाय कल्पनेचे मूल्यमापन’ हा घटक येतो. व्याख्या पाठ होते, चार मुद्दे लिहिले की मार्कही पडतात. पण एखादी कल्पना हातात घेऊन ती सगळ्या बाजूंनी ठोकून बघितल्याशिवाय हा घटक डोक्यात बसत नाही. म्हणून आज एकच कल्पना घेऊ आणि ती आपल्याच सातारा-सांगलीच्या रस्त्यावर उभी करून बघू.

कल्पना अशी आहे. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी सुरक्षा व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर बनवायचं. मोबाईलमध्ये एक अ‍ॅप. गाडीचा विमा, फिटनेस, पीयूसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या तारखा त्यात असणार. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, ड्रायव्हर किती तास सलग चालवतोय हे दिसणार. गाडी सुटण्याआधी टायर, ब्रेक, लाईट तपासल्याची नोंद होणार. काही गडबड झाली की मालकाच्या फोनवर सूचना जाणार. ऐकायला एकदम झकास! इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चार मुलांनी मनावर घेतलं तर सहा महिन्यांत याचा पहिला नमुना तयार होईल. मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण आपल्या उत्साहात आहे. अशा कल्पनेच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर एक मोठा आकडा असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६० च्या आसपास. आकडा खरा आहे आणि भयंकर आहे. पण त्यावरून ‘म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरला केवढी मागणी असेल’ असा निष्कर्ष काढला की गाडी घसरली. मेलेल्या माणसांचा आकडा म्हणजे गिऱ्हाईकांचा आकडा नव्हे. समस्या मोठी असणं वेगळं आणि ती सोडवायला कोणीतरी खिशातून पैसे काढणं वेगळं.

कोणता अपघात टळेल?

पुणे-बेंगळुरू महामार्ग, जुना चार नंबरचा आणि आताचा ४८, शिरवळला नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येतो आणि कराडच्या पुढे कासेगाव, पेठ नाका, कामेरी असा सांगली जिल्ह्यातून कोल्हापूरकडे जातो. या रस्त्यावरचं खंबाटकी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्याकडे येताना घाट चढायचा, पुण्याकडे जाताना बोगद्यातून जायचं. बोगदा संपल्यावर खंडाळ्याच्या बाजूला उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखं वळण होतं, आणि ते अपघातांसाठी कुप्रसिद्ध झालं. १० एप्रिल २०१८ ला पहाटे तिथे मजुरांना घेऊन चाललेली मालवाहू गाडी उलटली आणि १८ जण मृत्युमुखी पडले. ही माणसं कर्नाटकातल्या विजयपूर भागातून कामासाठी शिरवळकडे निघाली होती.

आता वही घ्या आणि या एका अपघाताची कारणं वेगवेगळी मांडा. वळण आणि उतार हे रस्त्याचं कारण. ते कुठल्याही अ‍ॅपने सरळ होत नाही. त्यासाठी डोंगर पोखरावा लागतो, आणि तिथे नव्या बोगद्यांचं काम हाती घ्यावं लागलं ते त्यामुळेच. पहाटेची वेळ आणि अनोळखी उतार हे ड्रायव्हरच्या बाजूचं कारण. इथे ‘पुढे धोक्याचं वळण, वेग कमी करा’ असा आवाज फोनमधून आला असता तर उपयोग झाला असता का? कदाचित. आणि तिसरं सगळ्यांत जड कारण म्हणजे माल वाहायच्या गाडीत माणसं भरली गेली. हा निर्णय वळणावर नाही झाला, शेकडो किलोमीटर आधी गाडी भरताना झाला. तिथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाला तो दिसत होता. माहिती कमी नव्हती, ‘नाही’ म्हणणारं कोणी नव्हतं.

मूल्यमापनाचं हे पहिलं काम. आपल्या भागातले वीस-पंचवीस अपघात घ्या. वर्तमानपत्रांची कात्रणं काढा, पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, गॅरेजवाल्याशी बोला. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा : आपलं सॉफ्टवेअर त्या दिवशी त्या गाडीत असतं तर नेमकं काय वेगळं घडलं असतं? ‘मालकाला कळलं असतं’ हे उत्तर चालणार नाही. कळल्यावर त्याने काय केलं असतं, तेही लिहा. मी पैज लावतो, निम्म्या ओळी कोऱ्या राहतील. उरलेल्या निम्म्यांतच तुमचा धंदा आहे.

उसाची ट्रॉली

दिवाळी झाली की आपल्याकडे गळीत हंगाम सुरू होतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, भुईंजचा किसन वीर, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, सांगलीचा वसंतदादा… प्रत्येक कारखान्याकडे जाणारे रस्ते मार्चपर्यंत उसाने भरलेले असतात. एक साधं गणित करू. समजा एखादा कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो आणि एका खेपेला सरासरी २० टन येतात. म्हणजे दिवसाला २५० भरलेल्या खेपा, आणि तेवढ्याच रिकाम्या परत. यात बैलगाड्या धरलेल्याच नाहीत.

ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर उसाचा डोंगर, मागचा लाईट एकतर नाही किंवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. रात्री मागून मोटारसायकलवाला येतो, त्याला अंधारात काही दिसत नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर आरटीओ आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, टेप मोठ्याने लावू नका म्हणून सांगतात. तरीही दरवर्षी घरं उद्ध्वस्त होतात.

इथे जरा थांबून प्रामाणिकपणे विचार करू. या अपघातावरचा सगळ्यांत स्वस्त आणि पक्का उपाय कोणता? लाल रिफ्लेक्टरची पट्टी, चालू असलेला टेललाईट, ट्रॉलीची पिन नीट बसली आहे का याची तपासणी, आणि प्रमाणात भरती. यातलं एकही सॉफ्टवेअर नाही. मग आपल्या कल्पनेला इथे जागाच नाही का? आहे, पण आपण समजत होतो ती नाही. ट्रॉली फडातून निघते तेव्हा तिच्या मागच्या बाजूचा एक फोटो घ्यायचा. वजनकाट्यावर नंबर लागतो तेव्हा तो फोटो कारखान्याच्या नोंदीशी जोडला जायचा. रिफ्लेक्टर नसेल तर त्याच यार्डात पट्टी लावूनच गाडी बाहेर सोडायची. सॉफ्टवेअरचं काम एवढंच की ही तपासणी रोज होते, आणि ती झाली नाही तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. अख्ख्या कल्पनेचा जीव त्या ‘कोणाला तरी’त आहे.

कारण ऊस वाहतुकीत ‘जबाबदार कोण’ हे सापडणं सोपं नाही. ऊस शेतकऱ्याचा. तोडणी टोळी मुकादमाची, तिला आधी उचल दिलेली. ट्रॅक्टर तिसऱ्याचा, बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेला. वाहतुकीचा करार कारखान्याशी. ड्रायव्हर पगारावर किंवा खेपेवर. पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, म्हणून जास्त भरावं आणि जास्त खेपा माराव्यात असं प्रत्येकालाच वाटतं. त्यात यार्डात नंबर लागायला रात्र जाते. तिथे ड्रायव्हर जागा असतो की झोपतो, हे कुठल्याच कागदावर नसतं.

पैसे कोण देणार?

धंद्याच्या भाषेत वापरणारा आणि विकत घेणारा हे दोन वेगळे असू शकतात. शाळेच्या गणवेशाचं उदाहरण घ्या : घालतो मुलगा, पैसे देतो बाप, कापड ठरवते शाळा. आपल्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. जीव धोक्यात ड्रायव्हरचा आणि रस्त्यावरच्या माणसाचा. पैसे मालकाचे. आणि नियम घालायची ताकद असते माल देणाऱ्याकडे.

मालकाचा विचार करू. आपल्याकडे दोन-चार ट्रकचे मालक भरपूर. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा आणि द्राक्षं, आटपाडीचं डाळिंब हे सगळं त्यांच्या गाड्यांतून जातं. भाडं मिळतं हुंडेकऱ्याकडून, परतीचं भाडं मिळेलच याची खात्री नाही. डिझेल, टोल, टायर, हप्ता. अशा माणसाला तुम्ही म्हणालात, ‘दादा, गाडीमागे महिन्याला ३०० रुपये द्या, सुरक्षा वाढेल,’ तर तो चहा पाजेल आणि ‘बघू’ म्हणेल. तो निष्काळजी नाही हो. ‘न झालेला अपघात’ त्याला दिसत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला दिसतो.

त्याला दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने जादा भरतीचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा केला. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा आणि वाहतूक भाड्याची असेल तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. म्हणून ‘सुरक्षा’ विकायला जाऊ नका. चुकलेली तारीख, पडलेला दंड, अडकलेला दावा हे विका. सुरक्षा त्याच्या पोटात घालून द्या. आजी कडू गोळी गुळात घालून द्यायची ना, तसं.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते, विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. नांगर चांगला होता. पण गिऱ्हाईकाच्या मनातली भीती नांगराच्या चांगुलपणाने गेली नाही, शेजारच्याच्या रानात तो चालताना दिसला तेव्हा गेली. १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या धड्यानंतर.

मग पहिलं गिऱ्हाईक कोण असावं? माझं मत स्पष्ट सांगतो : सुट्टा ट्रकमालक नको. ज्याच्याकडे करार आहे तो हवा. ऊस वाहतुकीत कारखाना. शिरवळ, लोणंद, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत बाहेरून वाहतूकदार नेमणारी कंपनी. किंवा दूध संघ, कारण दुधाचा टँकर बाराही महिने, ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळी जातो आणि उशीर झाला तर दूध नासतं. अशा ठिकाणी एक माणूस ‘हे केलंच पाहिजे’ म्हणू शकतो. काही मोठ्या कंपन्या रस्ता सुरक्षेचं आयएसओ ३९००१ हे २०१२ मध्ये आलेलं मानक पाळतात. त्यांना नोंदी दाखवाव्याच लागतात, आणि नोंदी नीट ठेवून देणाऱ्याला ते पैसे देतात.

ड्रायव्हर खरं लिहील का?

आता कल्पनेच्या गाभ्याकडे येऊ. वेग जीपीएस सांगतो. पण झोप, ब्रेकची कुरकुर, ‘शेठ म्हणाले अजून दोन टन टाक’ हे फक्त ड्रायव्हर सांगू शकतो. त्याने सांगितलं तर सॉफ्टवेअरला किंमत, नाहीतर ते नुसतं पाळतीचं यंत्र.

प्रत्येक ड्रायव्हरकडे ‘थोडक्यात वाचलो’ असे शंभर किस्से असतात. ढाब्यावर ते रंगवून सांगितले जातात. सुरक्षेच्या शास्त्रात या किश्शांना सोन्याची किंमत आहे, कारण मोठा अपघात होण्याआधी त्याच जागी, त्याच कारणाने असे प्रसंग बहुधा घडून गेलेले असतात. अमेरिकेत विमान वाहतुकीसाठी १९७६ पासून नासा ही संस्था अशा प्रसंगांच्या नोंदी गोळा करते. वैमानिक स्वतःहून कळवतात. का कळवतात? कारण नाव गुप्त राहतं, आणि दंड करणारं खातं वेगळं, नोंद घेणारी संस्था वेगळी. चूक सांगितली म्हणून पोटावर पाय येणार नाही याची त्यांना खात्री आहे.

आपल्या अ‍ॅपमध्ये काय होईल? ड्रायव्हरने लिहिलं, ‘पेठ नाक्याच्या अलीकडे डोळा लागला होता.’ ती नोंद थेट मालकाच्या फोनवर गेली. पुढच्या महिन्यात पगारातून पाचशे कापले. त्या दिवसापासून त्या अड्ड्यावरच्या एकाही ड्रायव्हरला कधीही झोप येणार नाही. निदान अ‍ॅपमध्ये तरी!

हे टाळायचं तर नियम सॉफ्टवेअर लिहिण्याआधी ठरवावे लागतील. कोणती नोंद मालकाला नावासकट दिसेल, कोणती फक्त बेरीज म्हणून दिसेल, आणि कोणती दंडासाठी वापरता येणार नाही. हे करारात लिहून घ्या. माणसाचा माग ठेवणं हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही विषय आहे, त्यामुळे ‘गाडी माझी, माहिती माझी’ एवढं म्हणून मालकाला सुटता येणार नाही. कामाच्या तासांचा कायदा तर जुनाच आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं लिहिलेलं होतं. तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कायदा कागदावर साठ वर्षं होता आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर. तुमचं सॉफ्टवेअर खरे तास दाखवू लागलं तर मालक ते विकत घेईल की बंद करून ठेवेल? हा प्रश्न तुम्ही ज्या पहिल्या मालकाला भेटाल त्याला तोंडावर विचारा.

भाषेचंही तसंच. फॉर्म भरायला लावू नका. टोळीबरोबर बीडकडून आलेला ट्रॅक्टर ड्रायव्हर, कन्नड बोलणारा विजयपूरचा, हिंदी बोलणारा राजस्थानचा, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवतात. आवाजात नोंद घ्या. आणि घाटात रेंज जाते हे विसरू नका.

बाजारात आधीच कोण आहे?

गाडी कुठे आहे हे दाखवणारे ढीगभर आहेत. टाटा मोटर्सच्या नव्या ट्रकांबरोबर ‘फ्लीट एज’ येतं. ‘नेट्राडाइन’चा कॅमेरा ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागले की आवाज देतो. त्यांच्याशी यंत्राच्या बाबतीत लढायला जाऊ नका, हराल. ‘रिविगो’ नावाच्या कंपनीने २०१४ पासून वेगळाच रस्ता धरला : दर काही तासांनी ड्रायव्हर बदलायचा, म्हणजे ट्रक पुढे जातो आणि ड्रायव्हर रात्री घरी. थकव्यावरचा हा सगळ्यांत सरळ उपाय. पण ती व्यवस्था चालवणं महाग पडतं. २०२२ मध्ये कंपनीचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला.

हिशेब

कागदावर दोन रस्ते मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

रस्ता पहिला : चार ट्रकचा मालक, गाडीमागे महिना ३०० रुपये. वर्षाला १४,४०० रुपये. असे एक हजार मालक मिळाले तर वर्षाला १ कोटी ४४ लाख. छान वाटतं. पण एका विक्री प्रतिनिधीने सांगली मार्केट यार्ड, मिरज, कराड फिरून महिन्याला आठ मालक पटवले, तर हजाराला १२५ महिने लागतील, म्हणजे दहा वर्षांहून जास्त. पाच माणसं नेमली तरी दोन वर्षं, आणि तोवर पहिले मालक सोडून गेलेले असतील.

रस्ता दुसरा : एक कारखाना, ६०० वाहनं, वाहनामागे महिना २०० रुपये, हंगाम पाच महिने. ६ लाख रुपये. दहा कारखाने मिळाले तर ६० लाख. आकडा निम्म्याहून कमी, पण पटवायची माणसं दहा. मात्र सात महिने यार्ड रिकामं, आणि बिल निघायला वेळ लागणार. म्हणून दुसऱ्या रस्त्याने जाणाऱ्याने पावसाळ्यात दूध टँकर किंवा एमआयडीसीचं काम शोधून ठेवावं. मी दुसरा रस्ता धरला असता. तुमचं मत वेगळं असेल तर कमेंटमध्ये हिशेबासकट लिहा, नुसतं ‘छान लेख सर’ नको.

सहा आठवडे, एक वही

आता शेवटचं काम, आणि यासाठी एक ओळही प्रोग्रॅमिंग लागत नाही. एक यार्ड निवडा. कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याची किंवा वाहतूक बघणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि एक साधी वही घ्या. वहीवर मोठ्या अक्षरात लिहा : थोडक्यात वाचलो. ड्रायव्हरने आवाजात निरोप पाठवायचा, तुम्ही नाव न लिहिता वहीत उतरवायचा. रोज वीस ट्रॉल्यांचे मागून फोटो काढायचे. आठवड्याच्या शेवटी अधिकाऱ्याला एकच पान द्यायचं : कुठे, कधी, किती वेळा, आणि किती ट्रॉल्या बिनरिफ्लेक्टरच्या.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. चौथ्या आठवड्यात निरोप वाढतायत की थांबलेत? आणि अधिकाऱ्याने तुमचं पान वाचून एक तरी गोष्ट बदलली का? एखाद्या वळणावर फलक लागला, यार्डात रात्री झोपायला शेड मिळाली, पट्टी लावल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा आदेश निघाला, असं काहीही चालेल. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर सातव्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्याकडे जा आणि पुढच्या हंगामासाठी पैसे मागा. थोडे मागा, पण मागा. फुकट चालू ठेवलं तर काहीच सिद्ध होणार नाही.

आणि वही कोरी राहिली तर यार्डात चहाच्या टपरीवर बसून विचारा की का नाही पाठवलं. कोणी म्हणेल मुकादम फोन बघतो. कोणी म्हणेल सांगून काय होणार. कोणी म्हणेल रात्रभर नंबरात बसल्यावर बोलायची शुद्ध कोणाला असते. ही तीन उत्तरं वहीत तारखेसकट उतरवून घ्या. कारखान्याला पुढच्या हंगामात विकण्यासारखं काही त्यातच सापडलं, तर ते कदाचित अ‍ॅप नसेल, फोनवर नंबर कळवणारी साधी व्यवस्था असेल, म्हणजे ड्रायव्हर घरी झोपून आपल्या वेळेला यार्डात येईल.